नवा फोन, निळा ठिपका आणि निळी रेघ

दिवाळीच्या तोंडावर नवीन फोन घेतला. जुन्या फोनवर मॅप लावला की वीस मिनिटांत तो तव्यासारखा तापायचा आणि मग ठिपका एका जागी चिकटून बसायचा, त्यामुळे दुकानातच ठरवलं होतं की कॅमेरा-बिमेरा नंतर, आधी याचं जीपीएस नीट तपासायचं. पहिल्याच रविवारी मामांकडे निघालो. मामांचं घर माणगावच्या अलीकडे, निजामपूरहून आत एका वाडीत, म्हणजे चांदणी चौक, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरायचा. नवरा गाडी चालवत होता आणि मी शेजारी फोन घेऊन बसले होते. नॅव्हिगेशन निजामपूरच्या पुढे लावायचं ठरवलं होतं, तोवर नुसता मॅप उघडून ठेवला होता.

मुळशी मागे पडलं आणि नेहमीसारखी रेंज गेली. कॉल नाही, व्हॉट्सॲप नाही, मॅपचा पुढचा भाग लोड होईना, स्क्रीनवर नुसते कोरे चौकोन. पण निळा ठिपका थांबला नाही. त्या कोऱ्या चौकोनांवरून तो गाडीबरोबर बरोब्बर वळणं घेत चालला होता, खाली ना रस्ता ना गावाचं नाव, तरी आपला चाललाय. नवरा म्हणाला, नेटच नाही तर हे चालतंय कशावर? घरी पोचल्यावर मामांना सांगितलं तर त्यांचा प्रश्न त्याच्याही पुढचा, "अगं, टॉवरला फोन लागत नाही आणि तुझा मोबाईल थेट उपग्रहाला फोन लावतो होय?"

हा प्रश्न फक्त मामांचा नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात, ट्रेकच्या ग्रुपवर सगळीकडे हाच गोंधळ असतो, नेटपॅक संपला की जीपीएस बंद, सरकारला सगळं दिसतं, वगैरे. आणि वर दर पावसाळ्यात बातमी येते की अमुक गाडी मॅप बघत बघत पाण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही

आधी मामांचा प्रश्न. जागा शोधताना फोन उपग्रहाला फोन लावत नाही, मेसेज पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. तो फक्त ऐकतो. सकाळी आपण रेडिओवर पुणे केंद्र लावतो तेव्हा आकाशवाणीला कळतं का की अमुक घरात कोणी कांदेपोहे करता करता ऐकतंय? नाही कळत. तसंच हे आहे. उपग्रह वरून सतत बोलत असतात आणि खाली ज्याच्याकडे ऐकायचं यंत्र आहे त्याने ऐकावं, एक माणूस ऐको की शंभर कोटी, उपग्रहाला फरक पडत नाही आणि त्याचं बिलही येत नाही.

जीपीएस हे खरं तर एका देशाच्या यंत्रणेचं नाव आहे, अमेरिकेच्या. त्यांचे तीसेक उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात, जवळजवळ १२ तासांत एक फेरी. पहिला १९७८ मध्ये सोडला होता, पूर्ण यंत्रणा १९९५ मध्ये उभी राहिली. मुळात हे सगळं त्यांच्या सैन्यासाठी होतं. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं, ते पाडलं गेलं आणि २६९ माणसं मेली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की ही सोय सामान्य वापरासाठी खुली ठेवू. तरी सुरुवातीला आपल्यासारख्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभरेक मीटरची, म्हणजे तुम्ही टिळक रोडवर असाल तर ते शेजारच्या गल्लीत दाखवायचं. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली. आज आपण फोन हातात धरून दुकानाच्या दारापर्यंत जातो ते त्यामुळे.

मग जागा कळते कशी? तीन गिरण्यांचे भोंगे

उपग्रह काय बोलतो? तो एवढंच सांगत असतो, मी अमुक नंबरचा, आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत आणि मी आकाशात इथे आहे. बास. एवढ्यावरून आपली जागा कशी निघते हे मला स्वतःला कळलं ते भोंग्यावरून.

समजा तुम्ही एका मोठ्या माळावर उभे आहात, दाट धुकं आहे, काही दिसत नाही. लांबवर तीन गिरण्या आहेत आणि तिन्हींचा भोंगा बरोबर ८ वाजता वाजतो, प्रत्येकाचा सूर वेगळा म्हणून कुठला कोणाचा ते ओळखता येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर यायला जवळजवळ ३ सेकंद. पहिल्या गिरणीचा भोंगा तुम्हाला ८ वाजून ३ सेकंदांनी ऐकू आला, म्हणजे तुम्ही तिच्यापासून एक किलोमीटरवर. पण कुठल्या बाजूला? ते माहीत नाही, गिरणीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्या रेषेवर कुठेतरी तुम्ही आहात. दुसरीचा भोंगा ६ सेकंदांनी आला, तिच्याभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ. ही दोन वर्तुळं एकमेकांना दोन जागी कापतात, म्हणजे आता दोनच शक्यता उरल्या. तिसऱ्या भोंग्याचं वर्तुळ काढलं की एकच जागा उरते. तिथे तुम्ही.

फोन हेच करतो, फक्त आवाजाच्या जागी रेडिओलहरी असतात आणि त्या सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातात. वीस हजार किलोमीटरवरून सिग्नल खाली यायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण एवढ्या वेगाला घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने चुकते. उपग्रहात त्यासाठी अणुघड्याळ असतं, म्हणजे अणूंच्या ठरावीक कंपनांवर चालणारं अत्यंत काटेकोर घड्याळ. आपल्या फोनमध्ये तसलं घड्याळ बसवायचं तर फोन कोणाला परवडणार?

म्हणून एक सुंदर युक्ती केली आहे. परत माळावर या. तुमचं मनगटी घड्याळ २ सेकंद पुढे आहे असं धरा. मग तिन्ही भोंगे तुम्हाला २ सेकंद उशिरा आल्यासारखे वाटतील, तिन्ही वर्तुळं सारखीच मोठी होतील आणि ती एका बिंदूत भेटणारच नाहीत. पण चूक तिन्हींत सारखी आहे ना? मग घड्याळ थोडं मागे-पुढे करून बघायचं, ज्या आकड्याला सगळी वर्तुळं एका जागी येतात ती तुमची जागा आणि तोच घड्याळातला फरक. एका दगडात दोन पक्षी. आकाशाच्या बाबतीत जागेबरोबर उंचीसुद्धा शोधायची असते, म्हणजे दोन गोष्टी जागेच्या, एक उंचीची, एक घड्याळाची, अशा चार गोष्टी माहीत नाहीत म्हणून किमान चार उपग्रह लागतात. जास्त ऐकू आले तर उत्तर अजून पक्कं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इतक्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असतं आणि उपग्रह पळतही असतो जोरात, आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे पहिल्यामुळे घड्याळ पुढे जातं, दुसऱ्यामुळे थोडं मागे पडतं, आणि दोन्ही मिळून तिथलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. मायक्रोसेकंद म्हणजे वर म्हटलं तो दहा लाखावा भाग. हे आधीच हिशोबात धरलं नसतं तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साचली असती. सापेक्षतावाद म्हणजे शास्त्रज्ञांच्या फळ्यावरची गोष्ट असं शाळेत वाटायचं, तो रोज डिलिव्हरीवाल्या पोराला आपल्या दारात आणून सोडतोय.

नव्या फोनला पहिल्यांदा वेळ का लागतो

फोन घेतल्या दिवशी मी मुद्दाम गच्चीवर गेले, सिम न टाकता, वायफाय बंद करून. उपग्रह दाखवणारं एक फुकट ॲप आधीच घेऊन ठेवलं होतं. सुरुवातीला काहीच नाही, नुसती रिकामी यादी. मग एकेक नंबर उगवायला लागला, पुढे पट्ट्या, कोणाची उंच कोणाची बुटकी, आणि प्रत्येकापुढे त्या त्या देशाचा छोटा झेंडा. मिनिटभर गेलं असेल, मग जागा आली. फोन तसाच खाली घरात नेला तर पट्ट्या पटापट बुटक्या झाल्या आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत बऱ्याचशा गेल्याच.

दोन्हीचं कारण एकच आहे, सिग्नल अतिशय क्षीण असतो. घरातला जुना पिवळा बल्ब जेवढ्या वॉटचा तेवढ्याच वॉटच्या आसपास ताकद, आणि ती वीस हजार किलोमीटरवरून येणार, अर्ध्या जगावर पसरून. तुमच्यापर्यंत किती पोचणार? काँक्रीटच्या स्लॅबमधून तर फारच थोडी. म्हणून बोलणंही सावकाश, सेकंदाला फक्त ५० बिट, म्हणजे पाच-सहा अक्षरं मावतील एवढं. उपग्रह स्वतःचा नेमका पत्ता सांगतो तो निरोप पूर्ण व्हायला अर्धा मिनिट लागतो, मध्येच गाडी पुलाखाली गेली आणि तुटला तर पुन्हा ऐकायचा. आणि सगळ्या उपग्रहांचं मिळून जे ढोबळ वेळापत्रक आहे ते संपूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं.

मग एरवी ठिपका दोन सेकंदांत कसा येतो? कारण फोन ते पत्ते नेटवरून आधीच मागवून घेतो, कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ते. याला ए-जीपीएस म्हणतात, ए म्हणजे असिस्टेड, मदत घेतलेलं. शिवाय जवळचा मोबाईल टॉवर आणि आजूबाजूची वायफाय नावं बघून तो अंदाजे भागही ओळखतो. म्हणजे नेटने वेळ वाचतो, पण नेट नसलं तर काम अडत नाही, उशिरा होतं इतकंच. नवा फोन असेल किंवा फोन बरेच दिवस बंद असेल तर मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं शांत धरा. चालत्या गाडीत फोन आपटून काही होत नाही.

ते झेंडे कोणाचे आणि त्यात आपला कुठला

आता फोन एकट्या अमेरिकेच्या भरवशावर नसतात. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदू, सगळ्यांचे उपग्रह एकाच वेळी ऐकतात. बोलायला आपण सगळ्यालाच जीपीएस म्हणतो, बाटलीबंद पाण्याला एकाच कंपनीचं नाव पडावं तसं.

आपलंही आहे, नाविक. इस्रोने पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सोडला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये आणि त्या वेळी हे नाव दिलं गेलं. हे सगळ्या जगासाठी नाही, भारत आणि सीमेपासून १,५०० किलोमीटरपर्यंतच्या भागासाठी आहे, आणि उपग्रह जीपीएसपेक्षा खूप वर, ३६ हजार किलोमीटरच्या आसपास. गच्चीवर यादीत तिरंगा दिसला तेव्हा खरंच छान वाटलं.

पण जे आहे ते सरळ सांगायला हवं. परदेशातून आणलेली काही अणुघड्याळं उपग्रहात बंद पडली आणि त्याने बरंच नुकसान झालं. २९ मे २०२३ ला गेलेल्या उपग्रहात पहिल्यांदा अहमदाबादच्या इस्रो केंद्रात बनवलेलं देशी अणुघड्याळ बसवलं. त्यानंतरचा जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोटाच्या शंभराव्या उड्डाणातून गेला, उड्डाण चांगलं झालं पण पुढे व्हॉल्व्ह उघडले नाहीत म्हणून तो ठरलेल्या कक्षेत चढू शकला नाही. त्यामुळे आज फोनमध्ये नाविक असलं तरी ते बाकीच्यांच्या जोडीने चालतं.

फोन घेताना मात्र एक गोष्ट जरूर बघा, दोन फ्रिक्वेन्सी ऐकतो का, जाहिरातीत ते एल-१ आणि एल-५ असं लिहिलेलं असतं. दोन स्टेशनांवरून तीच बातमी ऐकली की वातावरणाने झालेली गडबड ओळखून काढता येते, आणि इमारतींच्या गर्दीत तर याचा फरक चांगलाच जाणवतो.

मग नेट लागतं कशाला?

आता मुख्य मुद्दा. स्क्रीनवर आपण दोन गोष्टी बघत असतो आणि दोन्हींना जीपीएस म्हणतो. निळा ठिपका म्हणजे मी कुठे आहे. निळी रेघ म्हणजे कुठून जायचं. ठिपका येतो आकाशातून, फुकट, कोणाला न विचारता. रेघ येते कोणीतरी बनवलेल्या नकाशातून. रस्ते, एकेरी वाहतूक, दुकानांची नावं, पूल, हे सगळं कोणीतरी कधीतरी भरलेलं असतं आणि ते कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतं, म्हणून ते आणायला नेट लागतं. ताम्हिणीत ठिपका चालत होता आणि खाली कोरं होतं ते यामुळेच, आकाश होतं पण नकाशा नव्हता.

ट्रॅफिकचा लाल रंगसुद्धा उपग्रहातून येत नाही बरं का. पुढे अडकलेल्या लोकांचे फोन आपला वेग कळवत असतात, बरेच फोन मुंगीच्या पावलाने चाललेत असं दिसलं की रस्ता लाल. आणि सॅटेलाइट व्ह्यूमध्ये अंगणातली गाडी दिसते ती आत्ताची नसते, तो जुना फोटो असतो, वेगळ्याच उपग्रहांनी किंवा विमानातून काढलेला. जीपीएसच्या उपग्रहाला आपण दिसतच नाही.

उपाय साधा आहे, घरच्या वायफायवर नकाशा डाऊनलोड करून ठेवायचा. मॅपमध्ये आपल्या प्रोफाईलच्या चित्रावर टॅप केलं की ऑफलाइन मॅपचा पर्याय असतो, चौकट ओढून हवा तो भाग घ्यायचा. परतीच्या वेळी मी मामांकडूनच निजामपूर ते पुणे उतरवून घेतला आणि घाटात रेंज नसताना आवाजी सूचनासुद्धा येत राहिल्या. ट्रॅफिक तेवढं दिसत नाही. काही काळाने तो ताजा करावा लागतो हे विसरू नका.

ठिपका कधी चुकतो

मोकळ्यावर चांगल्या फोनचा ठिपका साधारण पाच मीटरच्या आत असतो. ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ते सजावट म्हणून नाही, फोन सांगतोय की मी या वर्तुळात कुठेतरी आहे. वर्तुळ मोठं तर खात्री कमी. ठिपका राखाडी झाला तर ती जुनी जागा आहे, आत्ताची नाही.

पेठांमध्ये तो या गल्लीतून त्या गल्लीत उडी मारतो कारण सिग्नल समोरच्या इमारतीवर आपटून मग फोनकडे येतो, लांबून आला म्हणून फोनला वाटतं आपण जास्त लांब आहोत. दरीत हाक मारली की आवाज समोरच्या कड्यावरून येतो आणि माणूस कुठे आहे ते कळत नाही, तसंच. बोगद्यात तर आकाशच नाही, एक्सप्रेसवेच्या भातण बोगद्यात ठिपका पुढे सरकताना दिसतो तो मागच्या वेगावरून आणि फोनमधल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवरून काढलेला अंदाज असतो.

आणि चांदणी चौक. तिथे वर पूल, खाली रस्ता, बाजूला रॅम्प, सगळं काही मीटरच्या आत, आणि जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. त्यात ॲप ठिपक्याला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. त्यामुळे परत येताना आम्ही रॅम्पवर असताना फोन खालच्या रस्त्यावरचं वळण सांगत होता. अशा ठिकाणी पाटी बघायची, फोन नाही.

दिशेचं वेगळं. ठिपक्यातून निघणारा निळा झोत फोनमधल्या होकायंत्रावर चालतो. आमचा गाडीतला होल्डर चुंबकाचा, त्यामुळे पार्किंगमध्ये झोत उलटीकडे दाखवत होता, गाडी हलल्यावर सुधारला कारण चालताना दिशा हालचालीवरून कळते. उभ्या जागी गोंधळ झाला तर फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवा, होकायंत्र जागेवर येतं.

आणि रेघ चुकली तर

ठिपका चुकला तर आपण एक वळण चुकतो. रेघ चुकली तर काय होतं ते बघा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली गाडी रात्री मॅप बघत अशा पुलावर गेली जो धरणाच्या पाण्याखाली होता, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडली, तिघे गेले. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावरून जायच्या ऐवजी पुलाखालचा जेट्टीचा रस्ता धरला गेला आणि गाडी खाडीत, त्या बाईंना सागरी पोलिसांनी वाचवलं.

अकोल्याची बातमी मी वाचली तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. कारण त्यांचा ठिपका बहुतेक अगदी बरोबर असणार. पुलावर आहेत, तिथेच दाखवत असणार. पूल पाण्याखाली आहे हे आकाशातल्या कुठल्याच उपग्रहाला माहीत नव्हतं, आणि नकाशा भरणाऱ्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोराला मात्र माहीत असणार.

कोणी म्हणेल, मग मॅप वापरूच नये का? वापरावाच, मी रोज वापरते. पण रेघ कशी निघते ते लक्षात ठेवून. ती बहुतेक वेळा कमीत कमी वेळेचा रस्ता शोधते, तो किती अरुंद आहे, रात्री तिथे माणूस भेटेल का, पावसात ओढा चढतो का याचा तिला फारसा पत्ता नसतो. वरंधा घाट पावसाळ्यात वरचेवर बंद असतो, ती बातमी आधी जिल्ह्याच्या पेपरात येते. दहा मिनिटं वाचतात म्हणून हायवे सोडून अनोळखी आतला रस्ता रात्री धरू नका. रस्त्यावर पाणी दिसलं की थांबा, खाली रस्ता आहे असं मॅप म्हणत असला तरी. आणि टपरीवर गाडी थांबवून विचारा, "दादा, पुढे पूल चालू आहे ना?" एवढं विचारायला कमीपणा कसला? निघायच्या आधी पूर्ण रेघ एकदा बोटाने सरकवून बघायची सवय मी आता लावून घेतली आहे, कुठे नदी ओलांडते, कुठे घाट आहे.

चालवणाऱ्याने फोन हातात घेऊन बघायचं नाही हेही आलंच. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात गाडी चालवताना फोनला फक्त रस्ता बघण्यापुरती मुभा आहे आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. होल्डर लावा, आवाज चालू ठेवा, जमलं तर शेजारच्याला बघू द्या.

"पण मग माझ्यावर नजर ठेवतात ते?"

उपग्रह ठेवत नाही, त्याला तुमचा पत्ता नाही. पण फोनने जागा काढली की ती फोनमधल्या ॲपला मिळते, आणि ॲप ती नेटवरून कुठेही पाठवू शकतं. टॉर्चच्या ॲपला तुम्ही कुठे आहात ते कशाला हवं? सेटिंगमध्ये जाऊन लोकेशनची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ती यादी उघडा, मी उघडली तेव्हा फोन चार दिवसांचा होता आणि यादीत अकरा ॲप्स. मॅपला "वापरताना" एवढी परवानगी पुरते. हवामानाच्या ॲपला अचूक जागा नको, अंदाजे दिली तरी पाऊस तोच पडतो. शोधलेल्या आणि फिरलेल्या जागांची नोंद ठेवायची की नाही तेही बंद-चालू करता येतं.

बॅटरीचं विचाराल तर सगळ्यात जास्त खातो तो सतत पेटलेला स्क्रीन, त्यात काचेखालचं ऊन. फोन एसीच्या झडपेजवळ लावा, चार्जर लावून ठेवा.

रेंज नसताना आपली जागा दुसऱ्याला कशी कळवायची

हे मला सगळ्यात उपयोगी वाटतं, विशेषतः सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी. मॅपवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश, पुण्याचे साधारण १८.५२०४, ७३.८५६७ असे. टिंबानंतरचा चौथा आकडा एकाने बदलला तर जागा साधारण अकरा मीटर सरकते, पाचवा बदलला तर एखादा मीटर, म्हणजे निदान चार आकडे पाठवावेत. लाइव्ह लोकेशनला नेट लागतं, पण हे दोन आकडे साध्या एसएमएसने जातात आणि रेंजची एखादीच काडी असेल तेव्हा कॉल लागला नाही तरी एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलं आहे तेही याच आकड्यांवर बेतलेलं, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता.

मामांच्या घरी जाताना निळी रेघ अलीकडच्या फाट्यावरच संपली, "तुम्ही पोचलात" म्हणाली, आणि समोर नुसता भाताचा खाचर, कापणी झालेला. पुढचा रस्ता मॅपवर नाहीच. आम्ही मामांना फोन केला, वडाशी डावीकडे, मग साकवावरून सरळ, असं ते सांगत गेले आणि ठिपका त्या कोऱ्या भागातून आमच्याबरोबर चालत अंगणापर्यंत आला. तिथे मी बोट दाबून आकडे काढले, मामांच्या साध्या फोनमध्ये एसएमएस करून सेव्ह करून दिले आणि मामींनी ते दाराच्या मागे कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशोबाच्या खाली, पेनाने लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात मावशी ठाण्याहून पहिल्यांदाच एकटी आली. ते आकडे फोनमध्ये टाकून फाट्यापर्यंत रेघेने आली, आणि पुढे ठिपका बघत, वडापाशी एकदा गाडी थांबवून विचारत, जेवणाच्या आधी दारात.